भागी आतेच्या भिंतीवरच्या पोरी

आमची भागी आते दुकानात सामान आणायला जात नसे, कागद आणायला जात असे.

बाबी वाण्याकडे मुंबईहून रद्दी यायची. वर्तमानपत्रं, साप्ताहिकं, सिनेमाची मासिकं, मधूनच एखादं गुळगुळीत इंग्रजी पान. बाकीची गिऱ्हाइकं साखर मागत, चहा मागत. आते आधी रद्दीचा गठ्ठा मागायची. दुकानाच्या पायरीवर बसून एकेक पान उलटायची. एखाद्या पानावर तरुण बाईचं चित्र दिसलं की ते उपसून वाण्यापुढे ठेवायची आणि विचारायची, "ह्याच्यात काय बांधशीत?"

"तुका काय व्हया ता सांग गो आते," बाबी म्हणायचा.

"माका ही व्हयी. तू कायव बांध. गूळ मात्र नको. गूळ बांधलंस तर तिचा तोंड चिकटतला."

एकदा ती पावशेर सुकी मिरची घेऊन आली. घरात वर्षाची मिरची नुकतीच भरून झाली होती. आई वैतागली. "वन्सं, मिरची कित्याक हाडल्यात?"

"मी खंय हाडलंय? ही बाय मिरचीत बांधून ठेवलेली होती. डोळे झोंबत असतले गो तिचे. सोडवून हाडलंय."

आणि खरोखरच तिने ओल्या पदराच्या टोकाने त्या चित्रातल्या बाईचे डोळे हलकेच पुसले. बाई पोहण्याच्या पोशाखात होती. त्याबद्दल आते काही बोलली नाही. मी मात्र मान फिरवली, कारण मी नुकताच मास्तर झालो होतो.

ही गोष्ट एकोणीसशे पन्नास-साठच्या सुमाराची. आता मी म्हातारा झालो आणि मध्यंतरी आमच्या तोंडवलीच्या शाळेत माझा सत्कार झाला. वक्ते म्हणाले, या किनाऱ्यावरच्या मुलींना घराबाहेरची वाट पहिल्यांदा दाखवली ती मास्तरांनी; सगळ्यांच्या आधी त्यांनी स्वतःच्या बहिणीला नर्सिंग शिकायला मुंबईला धाडलं. टाळ्या झाल्या. शाल मिळाली. मी ती घेतलीसुद्धा. शाल चांगली आहे, उबदार आहे, पण अंगावर घेतली की मला बसवत नाही. तेव्हा ती ज्या बाईची आहे तिच्याविषयी लिहून टाकतो. सत्कारात तिचं नाव कोणी घेतलं नाही. घेणार कसं? मीच कधी सांगितलं नव्हतं.

भागीरथी ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लहानपणीच तिला देवगडाकडे दिली होती. नवरा मालवाहू बोटीवर खलाशी. तो एका फेरीला गेला आणि तापाने तिकडेच वारला. सासरच्यांनी तिची ट्रंक आणि तिला आमच्या ओट्यावर आणून सोडलं आणि चहा न घेता परत गेले. तेव्हापासून ती आमच्याकडे. माजघराला लागून भाताची कोठी होती, ती तिची खोली. कणग्यांमागची भिंत कणग्यांची, उरलेली भिंत आतेची. तांदळाच्या खळीत कडू काजऱ्याच्या पाल्याचा रस घालून ती चित्रं चिकटवायची, म्हणजे वाळवी लागत नाही. वाळवी लागली नाही हे खरं, पण त्या खोलीत नुसतं उभं राहिलं तरी जिभेवर कडू चव यायची.

भिंतीवर सायकलवर बसलेली पोरगी होती. हातात टेनिसची बॅट घेतलेली होती. रेडिओच्या माइकसमोर बसलेली होती, विमानाच्या शिडीवर उभी राहून हसणारी होती, पांढरी टोपी घातलेली नर्स होती. सुरुवातीच्या चित्रांतल्या बाया साबणाच्या वडीकडे खाली बघत असायच्या. पुढेपुढे त्या मान वर करून सरळ बघायला लागल्या. आतेच्या हे लक्षात आलं होतं. "पयल्या भुंयक बगी," ती म्हणायची, "आता आमच्याकडे बगतत. बरा वाटता. घरात कोण तरी बोलावल्यासारखा वाटता."

तिला वाचता येत नव्हतं. त्याने तिचं काही अडत नसे. आमच्याकडे अनोळखी माणूस भेटला तर त्याचं नाव कोणी आधी विचारत नाही. आधी 'खंयचो?' आणि मग 'कोणाचो?' या दोन प्रश्नांना उत्तर नसलेला माणूस आमच्या लेखी पुरता आलेलाच नसतो. मग आते या एवढ्या बायकांना अशीच कशी भिंतीवर उभी करील? तिने प्रत्येकीला गाव दिलं, घर दिलं, आईबाप दिले.

"ही सायकलवाली आचऱ्याची. तळ्याकडल्या घरची मधली. बापाशीन सायकल घेवन दिली."

"हे तुला कोणी सांगितलं, आते?"

"नाक बग. असा नाक आचऱ्यातच मेळता."

पांढऱ्या टोपीची नर्स चिंदरची. रेडिओवाली कांदळगावची होती, कारण तिची आजी म्हणे पाणंदीत उभी राहून हाक मारायची ती पलीकडच्या वाडीत ऐकू जायची. गळा घराण्यातच होता. खांद्याला बंदूक लावून संचलन करणाऱ्या मुलींची एक अख्खी रांग होती. त्या सगळ्या तिने वायरीला देऊन टाकल्या. "इतक्या सरळ रांगेत वायरीचीच मानसां चलतत. रापणीच्या जाळ्याचो दोर ओढून सवय आसा तेंका." इंग्रजी पानावरची सोनेरी केसांची एक मड्डम होती. तिच्यापाशी आते थोडी अडखळली असावी. दुसऱ्या दिवशी तिने निकाल दिला, "ही पेडण्याची. थंय सकाळ-सांज पाव खातत, म्हणान गोरी."

दुपारी जेवणं झाली की वाडीतल्या मुली आमच्या खळ्यात चुडतं विणायला जमायच्या. माडाच्या झावळ्यांचे झाप विणताना हात चालतात, तोंड मोकळं असतं. त्यांत शेतकऱ्यांच्या मुली असत, आणि सकाळी आईबरोबर मासळीच्या पाट्या घेऊन आचऱ्यापर्यंत जाऊन आलेल्या होडीवाल्यांच्या मुलीही असत. आते मधोमध बसून त्यांना भिंतीवरच्या बायकांच्या गजाली सांगायची. मसुऱ्याची ती विमानात कशी लागली, पहिल्या दिवशी तिला कसं मळमळलं, तिच्या आवशीने कोकमाचं आगळ बाटलीतून कसं दिलं. मुली विचारायच्या, "आणि मगे?" आते सांगायची. "आणि मगे?" ती आणखी सांगायची. त्या वर्षांत आमच्या वाडीतल्या पोरींची अशी समजूत होती की आपल्या आसपासच्या गावांतून निम्म्या बायका विमानात, रेडिओत आणि टेनिसच्या मैदानावर गेलेल्या आहेत आणि मागे राहिलो ते आपणच.

सोमवारी संध्याकाळी ती या बायकांसाठी गाऱ्हाणं घालायची. गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्याने घातलेली विनवणी. एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा. होकार भरल्याशिवाय ते देवाला पोचत नाही असं आमच्याकडे मानतात. मुली होकार भरायला बसलेल्याच असायच्या.

"बा देवा महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आचऱ्याची मधली सायकलीर फिरता, तिका चिऱ्यार आपटू नको रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"मसुऱ्याची ती विमानात आसा. आमच्यापेक्षा तुकाच जवळ. वायच लक्ष ठेव रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

घरचं मोठं गाऱ्हाणं वडील घालायचे. त्यात आम्हा सगळ्यांची नावं यायची, मुंबईतल्या चुलत्यांची यायची, गाभण म्हशीचासुद्धा उल्लेख व्हायचा. आतेचं नाव येत नसे. लग्न झालेल्या बाईचं नाव सासरच्या गाऱ्हाण्यात घ्यायचं असतं. सासरचे ते घेत असतील असं समजायला काही जागा नव्हती. आते मागे उभी राहून सगळ्यांत मोठ्याने "व्हय महाराजा" म्हणायची.

या सगळ्यात मी कुठे होतो? मला मुंबईहून पोस्टाने एक मासिक यायचं. 'आधुनिक तरुणी : वरदान की संकट' या विषयावर मी शाळेत भाषण केलं होतं आणि संकटाच्या बाजूने बोललो होतो. दोन वेण्या, बिनबाह्यांची पोलकी, काळे चष्मे आणि सिनेमाची मासिकं यांनी देशाचं काय होणार याची मला फार काळजी लागलेली असे. माझ्या धाकट्या बहिणीने, शालनने, आतेच्या भिंतीवरची एक पोरगी बघून दोन वेण्या घातल्या, तेव्हा मी तिला अर्धा तास बोललो. ती शांतपणे ऐकत होती आणि आते मागे बसून तिची दुसरी वेणी घालत होती.

शालन मालवणला मामाकडे राहून मॅट्रिक झाली. आणि एके दिवशी तिने सांगितलं, मला नर्स व्हायचं आहे. मुंबईच्या इस्पितळात राहून शिकायचं असतं. 

घरात भूकंप होईल असं मला वाटलं होतं. झाला नाही. तिसऱ्या दिवशी शेजारचे आबा ओट्यावर पान खायला बसले होते, त्यांना वडील म्हणाले, "चिंदरची एक चेडू नर्स झाली. मसुऱ्याची विमानात गेली. मगे आमची शालन इस्पितळात गेली तर काय आभाळ कोसळतला?"

मी चपापलो. वडिलांनी आतेच्या भिंतीवरच्या बायका खऱ्या धरल्या होत्या! त्यांना वाचता येत होतं, पण बहिणीच्या खोलीत ते कधी गेले नव्हते. माजघरातून कानावर पडलेल्या गजालींवर त्यांचा विश्वास बसला होता. इतक्या घरच्या मुली गेल्या, तर आपलीही जायला हरकत नाही, एवढा साधा त्यांचा हिशेब होता.

"चिंदरची खंयची?" आबांनी विचारलं. "मी चिंदरचो जावई. माका कशी म्हायत नाय ती?"

"मास्तराक म्हायत असतली," वडील म्हणाले. "मास्तर, सांग रे आबांका."

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. नुसतं "हो" म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मी मास्तर होतो आणि माझ्यासमोर एक चूक उघडी पडली होती. मी उठलो, कोठीत गेलो आणि नर्सचं चित्र भिंतीवरून ओढलं. खळ पक्की होती. चित्राबरोबर मातीचा गिलावाही निघाला. तो तसाच बाहेर आणून मी वाचून दाखवलं.

"ही खोकल्याच्या औषधाची जाहिरात आहे."

"म्हणजे ही चिंदरची नाय?" वडिलांनी विचारलं.

"ही नर्ससुद्धा नाही. हिला चित्रापुरती टोपी घातली आहे."

"आणि सायकलवाली?"

"सायकल कंपनीची जाहिरात."

"रेडिओत बसलेली तरी?"

"ती खरी आहे. पण दिल्लीची. खाली लिहिलं आहे."

मग अगदी हळू आवाजात वडिलांनी विचारलं, "पेडण्याची?"

"इंग्लंडची," मी म्हणालो.

आबा इतके हसले की पानाचा तोबरा त्यांना सांभाळेना. वडिलांचा चेहरा उतरला. "म्हणजे आजवर कोण गेलाच नाय?"

"माझ्या माहितीत नाही."

"मगे पयली आमच्याच घरातसून? आणि ह्यो आबा गावभर सांगत फिरतलो? नाय. शालन खंयच जावची नाय."

दारात आते येऊन उभी होती. तिने माझ्या हातातून ते चित्र घेतलं. गिलाव्याची माती तिच्या लुगड्यावर पडली. मला वाटलं, आता तरी ती कबूल करील. मी म्हणालो, "आते, तू घरं कुठून आणलीस गं यांना?"

"मगे काय तशीच ठेवू?" ती म्हणाली. "दिवसभर सायकल चलवतली, विमानात फिरतली. तिनसांज झाली काय खंय जातली ती?"

आबा पुन्हा हसले. मीही हसलो. किती अडाणी उत्तर, असं मला वाटलं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. शालन माझ्याशी बोलेनाशी झाली. खळ्यातले झाप मुकाट्याने विणले जाऊ लागले. एके सकाळी बाबी वाणी स्वतः शाळेत आला. "मास्तर, आते बरी आसा मां? काल साखर नेल्यान. कागदाकडे बगल्यान पण नाय."

मला तिची काळजी वाटायला लागली होती, पण तिची काळजी करायची गरज नव्हती. मुंबईच्या एका इस्पितळात वॉर्डबॉय असलेला आमच्या वाडीतला चाकरमानी मे महिन्याच्या रजेवर आला होता. आतेने त्याला कधी गाठलं, काय विचारलं, हे आम्हाला कोणालाच कळलं नाही. कळलं ते एवढंच, की एका सकाळी आते आपली ट्रंक घेऊन ओट्यावर आली. सासरहून परत आलेली तीच ती ट्रंक.

"भाऊ," ती वडिलांना म्हणाली, "पयली कोण जाता, हेचाच भय ना तुका? मी जातंय."

"खंय?"

"इस्पितळात. आयाबायो लागतत थंय."

"तू थंय काय करतलंस?"

"लादी पुसतलंय. हंय शेणान सारवतंय, थंय फिनेलान पुसतलंय."

"ह्या वयात? लोक हसतले गो!"

"हसांदेत. लोक हसतत ते पयल्याक. दुसऱ्याक हसाक तेंका येळ नसता. माज्यार हसान झाला काय शालनाक धाड."

वडील चिडले. घराण्याचं नाव, वाडवडिलांची अब्रू, सगळं त्यांनी काढलं. आते ऐकत राहिली. मग आवाज न चढवता म्हणाली, "माजा नाव खंयच्या घराचा रे भाऊ? देवगडवाले म्हणतत, तुमचा. तुमी म्हणतास, देवगडाचा. मी गेलंय तर कोणाचाच नाव बुडणा नाय. पयला धाडूक माज्यासारखा सोयीचा मानूस तुका खंय मेळतला?"

ती हे चेष्टेतच बोलली. हिशेब मांडून दाखवावा तशी. पण वडील काठी घेऊन माडांच्या बागेत निघून गेले आणि आतेची निघायची वेळ होईपर्यंत परतले नाहीत.

घरातून कोणी लांबच्या वाटेला निघालं की गाऱ्हाणं घालतात. घालणारे वडील बागेत होते. तेव्हा आतेने स्वतःच तुळशीपुढे नारळ ठेवला आणि स्वतःचं गाऱ्हाणं स्वतः घातलं. आमची सगळ्यांची नावं घेतली. म्हशीला विसरली नाही. भिंतीवरच्या बायकांना, 'त्या आपापल्या घरी सुखी रवांदेत' म्हणून सांगितलं. जाहिरातीतल्या बायका आहेत हे कळल्यानंतरही! आणि शेवटी म्हणाली, "ह्या घरातसून एक मानूस मुंबयक जाता. तेका सांबाळ रे महाराजा!"

एक मानूस. नाव तिने तेव्हाही घेतलं नाही.

होकार भरायला दारात आई होती, ती रडत होती. मी होतो, मी उंबऱ्यावर उभा होतो आणि वरमलेल्या माणसाला जो राग येतो तो मला आला होता. "व्हय महाराजा!" एकटी शालन म्हणाली.

मालवण बंदरात बोट लांब उभी राहायची आणि माणसांना पडावातून नेत. पोचवायला मी गेलो होतो. समुद्राकाठी जन्म काढलेली ही बाई होडीत कधी बसली नव्हती. पडाव हलायला लागला तशी तिने एका हाताने ट्रंक धरली, दुसऱ्या हाताने वल्हवणाऱ्याचा दंड, आणि तिचा प्रश्न मला धक्क्यापर्यंत ऐकू आला, "तू कोणाचो रे?"

गाव वर्षभर हसला. 'भागी म्हातारी नर्स व्हवक गेली' म्हणून होळीला सोंगसुद्धा निघालं. मग माणसं कंटाळली. आतेचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं. पुढच्या मे महिन्यात तो चाकरमानी पुन्हा आला आणि ओट्यावर उभा राहून त्याने निरोप सांगितला, "भागी आतेन सांगलां, पयली येवन बसलीहा. आता दुसरेक धाडा."

वडील आबांच्या देखत म्हणाले, "आमच्या घरातसून भागी गेलीच आसा. शालन काय पयली नाय." आबांना हसायला काही सापडेना. ते पान लावत बसले.

शालनच्या वेळी वडिलांनी गाऱ्हाणं घातलं. अर्ज मी लिहिला, ट्रंक मी उचलली, बंदरावर तिच्याबरोबर मी उभा होतो. लोकांनी जे पाहिलं ते लक्षात ठेवलं. पुढे तिच्या पाठोपाठ आमच्या किनाऱ्यावरून मुली जायला लागल्या. कोणी नर्स झाली, कोणी टेलिफोनवर बसली, होडीवाल्यांच्या घरातली एक तर शिक्षिका होऊन कणकवलीच्या शाळेत आली आणि सायकलने फिरू लागली. चुडतं विणत बसलेल्या त्याच या पोरी. यांतली एकही मला विचारून गेली नाही. त्यांना वाट माहीत होती; मुंबईत उतरायचं आणि भागी आते असलेलं इस्पितळ विचारायचं. पण गावाला पहिला माणूस लागतो, आणि लादी पुसणाऱ्या म्हातारीपेक्षा मास्तर बरा दिसतो. असा मी पहिला झालो.

शालन गेल्यावर दोन वर्षांनी मी मुंबईला गेलो तेव्हा तिला आणि आतेला भेटायला इस्पितळात गेलो. आते मला वॉर्डाच्या लांबलचक खोलीत दिसली. जाड काठाची पांढरी साडी नेसून, बादली ढकलत, प्रत्येक खाटेपाशी थांबत होती. कोणाची उशी सारखी कर, कोणाला पाणी दे. आणि ओळखी तर सगळ्यांच्या निघालेल्या. एक उत्तरेकडचा हमाल पाय मोडून पडला होता, त्याला ती कधीपासूनचा नातेवाईक असल्यासारखी दटावत होती. मी विचारलं तर म्हणाली, "फोंडाघाटापलीकडलो आसा." फोंडाघाटापलीकडचा सगळा मुलूख तिच्या लेखी एकच होता, त्यामुळे ते खोटं म्हणता येत नव्हतं. आणि तो हमाल मराठीतला एक शब्दही कळत नसताना तिच्याकडे बघून हसत होता.

शालन आली. डोक्यावर पांढरी टोपी, चालण्यात घाई, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणं. डॉक्टरांनी काही विचारलं, तिने उत्तर दिलं, डॉक्टरांनी मान हलवली. माझी छाती फुगली हे मी नाकारत नाही. जिला मी दोन वेण्यांवरून बोललो होतो ती हीच.

नर्सबायांच्या खोलीत आम्ही चहाला बसलो. तिथली एक पोक्त सिस्टर माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे तुम्ही मास्तर! मावशींचा मुलगा ना? मावशी सारखं तुमच्याबद्दल सांगतात. शालन धाकटी, तुम्ही थोरले."

मी पटकन म्हणालो, "नाही, नाही. मी त्यांचा भाचा. शालनही भाचीच. मावशींना मूलबाळ नाही."

अगदी सहज. फळ्यावरची चूक पुसावी तसं.

सिस्टर गोंधळून आतेकडे बघायला लागली. आते कपबशा मांडत होती, त्या पुन्हापुन्हा मांडायला लागली. तेव्हा मला कळलं, या दोन वर्षांत तिने स्वतःलाही एक घर दिलं होतं. तोंडवलीचं, माडांच्या बागेतलं, एका मास्तर मुलाचं आणि एका नर्स मुलीचं. आणि शालन रोज तिच्याबरोबर त्या घरात राहत होती. एकदाही तिने ते मोडलं नव्हतं.

शालनने माझ्याकडे पाहिलं. मग सिस्टरला अगदी हसत सांगितलं, "दादाचं बोलणं मनावर घेऊ नका. आमच्या घरी दोन आया आहेत. त्याला एकच मोजता येते."

सगळ्या हसल्या. सिस्टरही हसली आणि तिने विषय बदलला.

आते मात्र माझ्याजवळ आली. माझ्या कपातला चहा तिने बशीत ओतला. बशी हातावर तोलून तिने त्यावर हलकेच फुंकर घातली, पुन्हा एकदा घातली, आणि लहान मुलाला द्यावी तशी ती माझ्या ओठांपाशी धरली. "सावकाश पी. तोंड पोळात."

समोर चार-पाच नर्सबाया बसल्या होत्या. मी कडक इस्त्रीचा सदरा घातलेला, शाळेचा मास्तर. मी बशी हातात घेतली नाही. तिच्याच हातांतून, सगळ्यांच्या देखत, चहा संपेपर्यंत प्यालो.